चार इसा आन् तीन

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अणदूर, ऐतवार, ता. २६ ऑक्टोबर

चि. प्रतीक्षा हिला म्हाळसाबाई आज्जीचे पोटभर आशीर्वाद. पत्रास कारण की, डब्यात जागा उरली व्हती.

खरं सांगायचं तर जागा उरली न्हवती. म्या एक धपाटं काढून खाल्लं आन् तिथं हा कागद घडी करून घातला. तेलाचा डाग पडला आसंल तर तेवढं वाचू नको, तिथं काय म्हत्त्वाचं लिहिलेलं न्हाई.

दिवाळी करून तू परत धाराशिवला गेलीस आन् अभ्यासात अडचण नको म्हणून मोबाईल माझ्यापाशी ठिवून गेलीस. तो म्या लुगड्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत घातला. परवा दुपारी कणगीच वाजाया लागली. वरती कोंबडी बसलीवती, तिनं अंडं घालायचं थांबिवलं ते आजून थांबिवलंय. तुझा बाप मल्हार म्हणला, आई, बंद करून ठिवावा की. म्या म्हणलं, मला चालू करता येत न्हाई ते बंद कसं करता येईल? शेवटी त्यानंच बंद केला. मग पोरीशी बोलायचं कसं? तुझा डबा तर आठवड्यातून दोनदा येष्टीनं जातोच, ऐतवारी आन् गुरुवारी. कागदाला काय येगळं तिकीट लागत न्हाई.

माझ्या अक्षराला हसू नको. शिकिवणारीचा दोष हाय तो. मी लहानपणी दीड वर्स शाळेत गेले, पुढं मेंढरांमागं फिरून समदं इसरले. तू दुसरीत गेलीस आन् शाळा सुटली की मला दाराआड बसवून कोळशानं दारावर अक्षरं काढाया लागलीस. चुकलं की ज्वारीच्या धाटानं बोटावर मारायचीस. तुझा आजोबा, देवाघरी गेलेला माणूस, तो म्हणायचा, म्हातारीला शिकवून तिला काय तलाठी करतीस? तू म्हणालीस, मी शाळेत बाई हुणार हाय आन् बाईला इद्यार्थी लागतो. म्हंजे तुझी पयली इद्यार्थीन मी. आता तू बाई झाली न्हाईस तर मी कुणाची इद्यार्थीन म्हणून मिरवू?

शेजारची शरणम्मा रोज इचारती, पोरगी कसली परीक्षा देती म्हणून. तिला म्या मेंढरांच्या हिशोबात सांगितलं. वीस म्हंजे एक इसा. पेपरात प्रश्न साडेसात इसा. आपल्याला सवलत हाय ती धरून त्यातली चार इसा आन् तीन आपल्या वाड्यात आली की झाली पास, मग पयली ते पाचवीच्या पोरांना शिकवायचा हक्क मिळतो. मागच्या येळंला तुझी चार इसाला एक कमी भरली. शरणम्मा म्हणली, अगाई, चारच कमी! मला बी तेच टोचतंय. चार मेंढरं हरवली तर आपण घरी बसून रडत न्हाई, ती कुठं गेली ते बघाया जातो. तर मला सांग, तुझी चार कुठं गेली? 

तू दिवाळीत म्हणालीस की यंदा झालं न्हाई तर बास, सोलापूरला साडीच्या दुकानात उभी राहीन. ते मी ऐकलं न्हाई आसं समज. मला साडी नकोय, बाई पायजे.

डबा धुवून पाठीव. ताक पातळ चालंल, माया घट्ट राहू दे.

तुझी पयल्या बाकावरची
म्हाळसाबाई आज्जी


धाराशिव, गुरुवार, ता. ३० ऑक्टोबर

ती. आज्जीस प्रतीक्षाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र बसस्टँडवरच उभ्यानं वाचलं. कोंबडीचं वाचून इतकी हसले, की डबा देणाऱ्या टपरीवाल्या मावशी घाबरल्या. अक्षर छान आहे. फक्त ‘ळ’ काढताना तू अजून त्याला शेपूट देतेस. धाट हातात नाही म्हणून सोडून दिलं.

इथं अभ्यासिकेत माझ्या शेजारी कोण बसतं ओळख. रेवणप्पा गुरुजी! तेच, आपल्या अणदूरचे, बाबांना चौथीत शिकवणारे. आता इथं जवळच्या एका गावी मुख्याध्यापक आहेत आणि तिथंच खोली करून एकटेच राहतात. कोर्टाचा नवा निकाल आल्यापासून नोकरीतल्या शिक्षकांनाही ही परीक्षा पास व्हावी लागणार आहे, म्हणून बावन्नाव्या वर्षी ते आमच्यात येऊन बसलेत. त्यांचाही डबा काकू अणदूरहून त्याच गाडीनं पाठवतात. काकूंच्या डब्यात बीपीमुळं मीठ नसतं. ते तुझ्या शेंगाच्या चटणीकडं असे बघतात, की मला अभ्यास सुचत नाही.

आता तुझ्यासाठी एक प्रश्न, बालमानसशास्त्राचा. वर्गातलं एक मूल सारखं मागं पडतं. शिक्षक म्हणून तुम्ही प्रथम काय कराल? पहिला पर्याय, पालकांना बोलावून तक्रार. दुसरा, त्याला जादा गृहपाठ. तिसरा, मागं पडण्याचं कारण शोधणं. चौथा, त्याला शेवटच्या बाकावर बसवणं. उत्तर पुढच्या डब्यात पाठव. कॉपी करायची नाही, शरणम्मा आजीला विचारायचं नाही.

बाबांना आणि आईला नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत रहा.

तुझी
प्रतीक्षा

ता. क. चार कुठं गेली ते इंग्रजीत गेली असतील. नक्की माहीत नाही.


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अणदूर, ऐतवार, ता. २ नोव्हेंबर

चि. प्रतीक्षा हिला आज्जीचे आशीर्वाद, आन् आज परीक्षा देणारी मीच हाय तर मला बी कुणीतरी द्या.

तुझा प्रश्न म्या तीन दिवस डोक्यात घेऊन हिंडले. शरणम्माला इचारलं न्हाई, फक्त वाचून दाखिवला. ती म्हणली चौथं. तिची नातवंडं आशीच मागं बसून मागंच राहिली, म्हणून तिचं ऐकलं न्हाई.

मेंढरू मागं राहिलं की येडा धनगर काठी मारतो. शाणा खाली बसतो आन् पाय उचलून बघतो. खुरात काटा आसतो. काटा नसंल तर तोंड बघतो, तोंड आलेलं आसतं. ते बी नसंल तर कान टवकारून ऐकतो, मागं कुठं त्याचं कोकरू वरडत आसतं. काठी मारून जनावर चार पावलं पळतं आन् पाचव्याला बसतं. त्याच्या बापाला बोलावून तरी काय, बाप तर एडका, त्याला कुणाची वळख हाय? म्हणून माझं उत्तर तिसरं. बराबर असलं तर मार्क दे, आन् चुकलं तर प्रश्न चुकलाय.

रेवणप्पा परीक्षेला बसलाय हे ऐकून मल्हारला इतकं हसू आलं की त्याचा चहा नाकातून आला. त्या मास्तरनं मल्हारला छड्या मारल्यात, शाळेच्या आवारातली सीताफळं तोडली म्हणून. मल्हार आजून म्हणतो म्या तोडली न्हवती. आता त्याची गंमत बघायला धाराशिवला जाऊ म्हणतोय. म्या म्हणलं, जाऊ नको, बिचाऱ्याला पाठ हू दे. या डब्यात चटणी जरा जास्त घातलीया. मीठ कमी न्हाई. त्याच्या बायकोला सांगू नको.

इंग्रजीत चार गेली म्हणतीस. मला पटलं न्हाई. “असतील” आसं आपल्यात कवा बोलत न्हाईत. परत बघून सांग.

इकडची थंडी तिकडं पाठवत न्हाई, माया तेवढी पाठवते, ती पांघर.

तुझी
म्हाळसाबाई आज्जी


धाराशिव, गुरुवार, ता. ६ नोव्हेंबर

ती. आज्जीस साष्टांग नमस्कार वि. वि.

पहिल्या प्रश्नाला एक पैकी एक. तिसरंच बरोबर. तुझं खुराचं आणि कोकराचं उत्तर मी अभ्यासिकेत मोठ्यानं वाचून दाखवलं. गुरुजी चष्मा काढून म्हणाले, या बाई परीक्षेला बसल्या असत्या तर आपण सगळ्यांनी पिशव्या भरून घरी जावं. चटणी त्यांना पोचली. काकूंना सांगू नका हे त्यांनीही मला सांगितलं. तुम्ही दोघांनी ठरवून केल्यासारखं आहे.

आज्जी, तू ‘परत बघून सांग’ म्हणालीस म्हणून परत बघितलं. लपवण्यासारखं काही नाही, पण तुला सांगायला जीभ उचलत नव्हती. मागच्या वेळी मी अकरा प्रश्न मोकळे सोडले. उत्तरपत्रिकेवर चार गोल असतात, त्यातला एक पेनानं काळा करायचा असतो. चुकलं तर मार्क कापत नाहीत. म्हणजे माहीत नसलं तरी कुठला तरी एक गोल भरला तर लागला तर लागला, तोटा काहीच नाही. सगळे भरतात. मी नाही भरले.

भरायला गेले की हात थांबतो. तू हातावर भंडारा ठेवून घ्यायला लावलेली शपथ आठवते. न बघितलेलं मोजायचं नाही, अंदाजानं आकडा बोलायचा नाही. मी सात वर्षांची होते, पण हळदीचा वास अजून येतो. सरावाच्या पेपरलाही तसंच होतं. गुरुजी चिडले. म्हणाले, अकरापैकी डोळे मिटून भरले असतेस तरी दोनतीन लागले असते, आणि थोडा विचार करून भरले असतेस तर पाच. म्हणजे ती चार इथंच गेली, आज्जी. मीच वाड्याबाहेर ठेवली.

पण तू वाईट वाटून घेऊ नकोस. माझा हातच तसला आहे. यावेळी मी अभ्यासच इतका करीन, की मोकळा गोल उरणार नाही.

शेपटाचा ‘ळ’सुद्धा मला आवडतो, तेव्हा लोभ किती आहे ते समज.

तुझी
प्रतीक्षा


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अणदूर, ऐतवार, ता. ९ नोव्हेंबर

चि. प्रतीक्षा हिला आशीर्वाद.

पत्र मिळालं. इकडं समदं बरं हाय. शरणम्माच्या म्हशीला रेडी झाली, खरवस पाठवणार व्हते, पण गाडीत नासंल. यात्रा जवळ आली, गावात कळसाला रंग देत्यात. कोंबडीनं परत अंडं घालायला सुरवात केली. मल्हारनं नवी काठी आणली, ती वाकडी निघाली.

कडक भाकरी दह्यात मोडून खा.

म्हाळसाबाई


धाराशिव, गुरुवार, ता. १३ नोव्हेंबर

ती. आज्जीस साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र उलटून पालटून बघितलं. वाटलं मागच्या बाजूला काही असेल. कोंबडीला दोन वाक्यं आणि माझ्या अकरा गोलांना एकही नाही! तब्येत बरी आहे ना? गुडघा दुखतोय का? बाबांना म्हणावं, खोटं सांगू नका.

मी लिहायलाच नको होतं. तुझ्या शपथेला मी नावं ठेवतेय असं तुला वाटलं असेल तर तसं नाही गं.

आजच्या सरावाच्या पेपरात एक्याऐंशी पडले. तुझ्या हिशोबात चार इसा एक. नऊ मोकळे राहिले. परीक्षा तेवीस तारखेला, ऐतवारी. आता दहाच दिवस. सोलापूरच्या दुकानातल्या बाईंनी निरोप पाठवलाय, डिसेंबरपासून येणार का म्हणून. मी हो-नाही काहीच कळवलं नाही.

पुढच्या डब्यात लांब पत्र पाठव. धपाटी दोन कमी घाल, पण पत्र लांब पाठव.

तुझी
प्रतीक्षा


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अणदूर, गुरुवार, ता. २० नोव्हेंबर

चि. प्रतीक्षा, आज आशीर्वाद खाली लिहिते. आधी दुसरं हाय.

ऐतवारच्या डब्यात कागद न्हवता. म्या तीन लिहिले आन् तीन चुलीत घातले. हा चौथा. हा बी चुलीत जाईल म्हणून गाडीच्या येळंला घाईनं लिहायला बसलेय, म्हंजे जाळायला येळ राहणार न्हाई.

तुला ती सांज आठवती. तू सात वर्साची. आजोबा आन् मल्हार नळदुर्गाच्या बाजाराला गेलेले. मेंढरं रानातनं आली, पाच इसा. तू मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभी राहून एकेकाला बोट लावून मोजलीस. मोजून मला म्हणालीस, आज्जे, पाच इसाला एक कमी हाय.

मी शरणम्माशी बोलत व्हते. कशाबद्दल ते बी आठवतंय. तिची थोरली सून भाकरी जाड थापती, त्याबद्दल. लई रंगात आलं व्हतं बोलणं. तू दुसऱ्यांदा आलीस, माझा पदर वडून परत म्हणालीस, एक कमी हाय. म्या तुझ्यावर खेकसले. म्हणलं, अंदाजानं काय बोलतीस, पाच इसा हायेत समदी. आन् न मोजता जाळी वडून दोरी बांधली.

सकाळी ओढ्याच्या अंगाला लांडग्यानं फाडलेलं कोकरू सापडलं. काळ्या कानाचं. तू त्याला पाटीवरचं बेरजेचं गणित दाखवायचीस ते. आजोबानं इचारलं, काल कुणी मोजली? म्या म्हणलं, पोरीनं. खोटं न्हवतं, तूच मोजलीवतीस. पण खरं त्याच्याहून लांब व्हतं. तू माझ्याकडं बघितलंस आन् गप बसलीस. आजोबा तर म्हणला, जाऊ दे, लेकरू हाय. तिथं संपलं आसतं. पण मला आत टोचत व्हतं ना, ते झाकायला मीच पुढं झाले, तुझ्या हातावर भंडारा ठिवला आन् अंदाजानं बोलायचं न्हाई आशी शपथ घ्यायला लावली. 

तू बराबर मोजलंवतंस, प्रतीक्षा. अंदाज माझा व्हता. शपथ मला लागत व्हती, बांधली तुला.

मला वाटलं लेकरू इसरलं आसंल. पण त्या शपथंपायी तू अकरा गोल मोकळे सोडलेस आन् परत घरी आलीस. शरणम्माच्या सुनेची एक जाड भाकरी किती म्हागात पडली बघ.

उद्या यात्रा. उद्याच देव नळदुर्गाला निघतो. देव एक आन् गावं दोन. इथं किती म्हयने, तिथं किती, ते दोन्ही गावांनी कागद करून ठरवलेलं. म्हणलं, एकदा तिकडं गेला की पुन्हा मला दोन म्हयने वाट बघावी लागंल, म्हणून आज फाटंच देवळात गेले. देवापुढं समदं मोठ्यानं सांगितलं. पुजारी ऐकत व्हता, त्याला बी कळलं, आता गावाला बी कळंल, कळू दे. देवाला म्हणलं, पोरीची शपथ सोडीव आन् माझ्या गळ्यात घाल, सोळा वर्सं उशीर झाला त्याचं काय ते माझ्याकडनं घे. तिथला चिमूटभर भंडारा पुडीत बांधलाय. कपाळाला लाव.

आन् आणखी एक आईक. मोजणी येगळी आन् शोध येगळा. मोजताना बोट लावल्याशिवाय आकडा बोलायचा न्हाई, हे खरंच. पण मेंढरू हरवलं की आपण काय करतो? माग बघतो, लेंडी बघतो, वारं कुठनं हाय ते बघतो, आन् म्हणतो, ह्या ओढ्याच्या वगळीनं गेलं आसंल. गेलं आसंल म्हणूनच पाय उचलतो. तवा कुणी शपथ आठवत न्हाई. तुला ठाऊक नसलेला प्रश्न म्हंजे हरवलेलं मेंढरू हाय. माग बघ, आन् एका वाटंनं जा. घरात बसून कुणाला मेंढरू सापडलंय?

आता आशीर्वाद. सगळे घे, एक बी मागं ठिवू नको. माझ्यावर राग आला तर पोटभर रागव. पण आधी ऐतवारचा पेपर दे.

तुझी
म्हाळसाबाई

ता. क. यात्रा म्हणून डबा पिवळ्या फडक्यात बांधलाय, वळखू येईल.


धाराशिव, शनिवार, ता. २२ नोव्हेंबर

श्रीमती म्हाळसाबाई आक्का यांस रेवणप्पा मास्तरचा नमस्कार वि. वि.

आक्का, एका मोठ्या गुन्ह्याची कबुली देण्यासाठी हे पत्र रिकाम्या डब्यातून पाठवत आहे. माझ्या मंडळींनीही यात्रेनिमित्त डबा पिवळ्या फडक्यातच बांधला होता. गुरुवारी त्या गाडीला अणदूरचे अकरा डबे आले आणि अकराही पिवळे! मी घाईत एक उचलला आणि तसाच शाळेच्या गावी गेलो. शुक्रवारी दुपारी उघडला तर धपाटी. मला वाटले, यात्रा आहे म्हणून मंडळींचे मन पालटले. दोन खाल्ली. खाली कागद दिसला. तोही मंडळींचाच समजून वाचू लागलो. जाड भाकरीपर्यंत आलो तेव्हा कळले की हे पत्र माझ्या घरचे नाही. तिथे थांबायला हवे होते. थांबलो नाही. उरलेली धपाटीही वाचता वाचता संपली.

तिकडे प्रतीक्षाला माझा डबा गेला. अळणी दोडका आणि पत्र नाही! दोन दिवस ती समजत होती की आजी इतकी रागावली की मीठसुद्धा घालायचे बंद केले. अभ्यासिकेत पुस्तक उलटे धरून बसली होती असे दुसऱ्या मुलींनी सांगितले.

आज सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन मी पत्र आणि भंडाऱ्याची पुडी तिच्या हातात दिली. तिने जिन्यातच उभे राहून वाचले. आधी रडली, मग जाड भाकरीवर हसली, मग पुन्हा रडली आणि शेवटी धपाटी मागितली. ती नव्हती. तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने बघितले, त्या नजरेला मुलांनी घाबरावे. पोरगी शिक्षिका शोभेल.

आक्का, तुम्ही सोळा वर्षांनी कबूल केलेत, मला बत्तीस वर्षे झाली. ती सीताफळे मल्हारने तोडली नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात मी वानरांना फांदीवर बघितले होते. पण वर्गासमोर छडी मारली होती, आता काय बोलायचे म्हणून गप्प राहिलो. त्याला सांगा, मास्तर चुकला. मी समोर येऊन सांगेनच, पण परीक्षा झाल्यावर. तो हसेल आणि मला पाठ केलेले विसरायला होईल.

राग मनात न ठेवता चटणी पूर्ववत चालू ठेवावी ही विनंती.

आपला
रेवणप्पा


धाराशिव, ऐतवार, ता. २३ नोव्हेंबर

ती. आज्जीस प्रतीक्षाचा साष्टांग नमस्कार, आणि एक घट्ट मिठी, वि. वि.

पेपर झाला. बाहेर आले आणि पहिल्यांदा तुलाच लिहायला बसले. हे पत्र संध्याकाळच्या गाडीला देते, मी मागून दोन दिवसांनी येते. तोंडानं बोलताना मला जमणार नाही, म्हणून आधी कागद.

आज्जी, मला ठाऊक होतं.

मी बरोबर मोजलं होतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी दोनदा मोजलं होतं. आजोबांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं, आणि तुझा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, कोकरू तर गेलंच, आता आज्जीही रडणार. म्हणून गप्प बसले. शपथ घेतली ती भिऊन नाही. अंदाजानं काय होतं ते मी ओढ्यावर बघून आले होते. मला वाटलं, आपल्या घरात कुणीतरी एकानं ही शपथ पाळायला पाहिजे. तुला जमणार नाही, तू बोलण्यात रंगतेस. मग मीच पाळते. एवढंच होतं ते. तुझ्या वाटणीची मी सांभाळत होते.

काल तू ती परत घेतलीस. बरं केलंस. जड झाली होती.

पेपरात चौदा प्रश्न असे आले, की उत्तर येत नव्हतं. कपाळाला भंडारा होता, पर्यवेक्षक बाई दोनदा वळून बघून गेल्या. मी एकेका प्रश्नाचा माग काढला. दोन पर्याय तर उघडच खोटे होते, ते सोडून दिले. उरलेल्यातली एक वाट धरली. पहिला गोल काळा करताना हात थांबला, दुसऱ्याला नाही. असे तेरा भरले.

चौदावा मोकळा सोडला. त्याचा मागच लागत नव्हता, आणि घंटेला दोन मिनिटं होती. भरता आला असता. पण म्हटलं, हा राहू दे, काळ्या कानाच्या कोकराचा.

ओरडू नकोस. निकाल लागेपर्यंत माया तशीच ठेव, निकालानंतरही.

तुझी
प्रतीक्षा


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अणदूर, ऐतवार, ता. १८ जानेवारी

चि. प्रतीक्षा हिला आज्जीचे आशीर्वाद, तिळगुळासकट. 

तुझं ते पत्र आलं आन् मागनं तू आलीस, चार दिवस राहिलीस. आपण दोघी त्यावर एक शब्द बोललो न्हाई. कागदावरचं कागदावरच राहिलं. तू फक्त दाराआड जाऊन कोळशाची जुनी अक्षरं दिसत्यात का ते बघून आलीस, म्या बघितलं. परत धाराशिवला गेलीस. या परीक्षेनंतर आणखी एक परीक्षा आसती म्हणं, मगच नोकरी. तुमच्या सरकारचा वाडा हाय का चक्रव्यूह, काय कळत न्हाई. मोबाईल तेवढा परत कणगीत ठिवून गेलीस. कोंबडीची जागा म्या बदलली.

देव नळदुर्गाहून परत आला. त्याला इचारलं, पोरीचं काय? आन् काल दुपारी रेवणप्पा मास्तरचा मल्हारला फोन आला. मल्हार उठून उभाच राहिला, चौथीतल्यासारखा. निकाल लागला म्हणं. त्यांनी तुझा आकडा सांगितला आन् मल्हारनं मला सांगितला. त्र्याऐंशी.

म्या आंगणात घोंगडं अंथरलं आन् खडे मांडले. एक इसा, दोन इसा, तीन, चार. वरती तीन खडे. चौथा आसंल म्हणून वटी झाडून बघितली. न्हवता. लागतात तेवढीच, एक बी जास्त न्हाई! आन् तू एक मेलेल्या कोकराला देऊन आलीस! त्या कोकराला मी बोलणार व्हते, पण त्याची मी देणेकरीण हाय.

मास्तर बिचारा दोन मेंढरांनी हुकला. त्यालाच फोनवर हसू आलं म्हणं. मल्हार म्हणला, गुरुजी, सीताफळं खायला या, आवो समदी तुमच्यासाठीच ठिवल्यात. सीताफळाचा हंगाम संपलाय हे दोघांच्या बी ध्यानात आलं न्हाई. मास्तरला पुढच्या येळंसाठी म्या मनावर घेतलंय. दर गुरुवारी त्याला प्रश्न पाठवणार, मेंढरांचेच. त्याच्या बायकोचा डबा पांढऱ्या फडक्यात बांधायचं ठरलंय.

आता म्हत्त्वाचं. गावभर झालंय, म्हाळसाबाईची नात बाई झाली म्हणून. शरणम्मा सकाळपासनं दारात बसून हाय, पेढे कुठं म्हणून. तिची ती थोरली सून बी आली बघाया. मी समद्यांना एकच सांगते, थांबा, आजून मोजलं न्हाई. शरणम्मा म्हणली, अगं पण आकडा कळला की. म्या म्हणलं, तो फोनवरचा आकडा. शपथ आता माझ्याकडं हाय. बोट लावल्याशिवाय मी बोलणार न्हाई.

तर या गुरुवारी डबा पाठवत न्हाई. तूच ये. निकालाचा कागद छापून आण, चुरगळू नको. मी दाराआड बसते, तू समोर उभी राहा, आन् मी आकड्यावर बोट ठिवून मोठ्यानं वाचीन. चुकलं तर धाट कोपऱ्यात ठिवलंय, ताजं हाय.

पेढे मल्हारनं आणून ठिवलेत. म्या झाकून ठिवलेत. दोन कमी भरतील, तेवढं मोजू नको.

तुझी पयली इद्यार्थीन
म्हाळसाबाई